कॉपीराइट म्हणजे कलेचा सातबारा? आर्टिस्ट लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी इलस्ट्रेशन आणि अक्षरलेखनाची कामं करते, घरूनच, कुठल्या कंपनीत वगैरे नाही. माझं वारीचं एक चित्र आहे, ते दर आषाढीला कुठल्या ना कुठल्या फ्लेक्सवर लागतं, सही कापलेली आणि सहीच्या जागी कुणातरी भाऊंचा हात जोडलेला फोटो. त्या वैतागातून मी रजिस्ट्रेशनच्या भानगडीत पडले आणि मग ओळखीतले गाणारे, लिहिणारे, फोटोग्राफर सगळे मलाच विचारायला लागले. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी वकील नाही, हे आधीच सांगते. कोर्टात जायची वेळ आली तर वकील लागणारच.

रजिस्ट्रेशन केलं नाही तर कॉपीराइट मिळतच नाही ना?

मिळतो. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. चित्र कागदावर उतरलं, कविता वहीत लिहिली, गाणं रेकॉर्ड झालं की त्या क्षणी कॉपीराइट तयार झाला, त्यासाठी कुठे अर्ज करायचा नाही की फी भरायची नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आपल्याकडे, त्यात रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे. मध्ये २०१२ च्या एका निकालामुळे गोंधळ झाला होता, की दावा लावायचा तर रजिस्ट्रेशन पाहिजेच, पण २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानेच संजय सोया प्रकरणात ते खोडून काढलं आणि रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही असं सांगितलं. त्यामुळे "तू रजिस्टर केलं नव्हतंस, मग आम्ही वापरलं तर काय झालं" असं कुणी म्हणालं तर खुशाल भांडा.

मग रजिस्ट्रेशनला ५०० रुपये घालवायचेच कशाला?

सातबारा कशाला काढतो आपण? जमीन आजोबांची, सगळ्या गावाला माहीत, तरी तलाठ्याकडे हेलपाटे घालतोच ना. आणि गंमत म्हणजे सातबारा हा सुद्धा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, उलटं सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, एवढंच. कॉपीराइटच्या रजिस्टरचं अगदी तसंच आहे. कलम ४८ म्हणतं की रजिस्टरमधली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा. म्हणजे कोर्टात मूळ काढून दाखवायची गरज नाही, आणि समोरच्याला म्हणायचं असेल की हे हिचं नाहीच तर ते सिद्ध करायची कटकट त्याच्या गळ्यात.

पण खरं सांगू का, कोर्टापर्यंत जातं कोण. मला त्या कागदाचा उपयोग झाला तो फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात. आधी दोन वर्षं मी मोबाइलवर ओरिजिनल फाइल दाखवत होते, लेयर दाखवत होते, तो म्हणायचा मॅडम आम्हाला गिऱ्हाईकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, आम्ही छापलं. सर्टिफिकेट दाखवल्यावर, वर नंबर आणि भारत सरकार बघून, त्याने खुर्ची दिली बसायला. कायदा तोच, चित्र तेच, पण कागदाला मान आहे आपल्याकडे.

खर्च किती येतो?

सरकारी फी अशी: साहित्य, नाटक, संगीत, चित्र-शिल्प-फोटो यांना एका कामाला ५०० रुपये. चित्र जर मालाच्या संदर्भात वापरलं जात असेल किंवा वापरता येण्यासारखं असेल (लोगो, लेबल, पॅकिंगचं डिझाइन) तर २,०००. साउंड रेकॉर्डिंग २,०००. फिल्म ५,०००. अर्ज फेटाळला गेला तर पैसे परत मिळत नाहीत. बाकी एजंट आणि वकील जे घेतात ते त्यांच्या मनावर, मला एकाने पाच हजार सांगितले होते ५०० च्या कामाला, मग मी स्वतःच केलं.

एका गाण्याचं एकच रजिस्ट्रेशन होतं का?

नाही, इथे बरेच जण चुकतात. गाणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तीन वस्तू. शब्द हे साहित्य, चाल हे संगीत, आणि स्टुडिओत जे रेकॉर्ड झालं ते साउंड रेकॉर्डिंग. तिन्ही वेगळी, तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. सगळं करायचं तर ५०० अधिक ५०० अधिक २,०००, म्हणजे ३,००० झाले. शब्द मित्राचे असतील तर त्याची एनओसी लागेल. आणि गायकाचा त्याच्या गाण्यावर परफॉर्मर म्हणून वेगळा हक्क असतो, ५० वर्षांचा.

जाता जाता, चाल आणि शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचं मेंबर व्हा. १९६९ पासूनची संस्था आहे, मुंबईत. गाणं रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वाजलं की त्याची रॉयल्टी तीच गोळा करते. रजिस्ट्रेशन हे चोरी झाल्यावर कामाला येतं, ही मेंबरशिप चोरी नाही झाली तरी कामाला येते. पोरं पहिलं करतात, दुसरं विसरतात.

अर्ज कसा करायचा, दिल्लीला जावं लागतं का?

ऑफिस दिल्लीत आहे, द्वारकेत, पण जावं लागत नाही, सगळं ऑनलाइन. कॉपीराइट ऑफिसच्या सरकारी साइटवर लॉगिन करायचं, फॉर्म चौदा भरायचा, त्यासोबत तपशिलाची दोन पत्रकं असतात तीही भरायची. कामाचं नाव, भाषा, लेखक (कायद्यात चित्र काढणाराही लेखकच) कोण, मालक कोण, प्रकाशित आहे की अप्रकाशित, असेल तर पहिल्यांदा कुठल्या वर्षी कुठल्या देशात. फी भरली की डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

मग ३० दिवस नुसतं थांबायचं, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. कुणी नाही आलं तर फाइल तपासणीला जाते. काही चुकलं असेल तर त्रुटीचं पत्र येतं, ते ईमेलवर येतं आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतं, त्यामुळे आठवड्याला एकदा स्टेटस बघत जा. माझ्या पहिल्या अर्जात मी स्वतःला लेखकही लिहिलं आणि मालकाच्या रकान्यात माझ्या ब्रँडचं नाव लिहिलं, जो ब्रँड कुठेच नोंदवलेला नव्हता. आलं पत्र परत. तुम्ही एकटे काम करत असाल तर दोन्हीकडे आधार कार्डावरचं तुमचं नाव लिहा आणि विषय संपवा.

एका अर्जात एकच काम. लोगोसारखं काही असेल तर ट्रेडमार्क ऑफिसकडून सर्च सर्टिफिकेट आणावं लागतं की असा मार्क आधी कुणाच्या नावावर नाही, त्यात आणखी वेळ जातो. फोटोत किंवा चित्रात कुणा व्यक्तीचा चेहरा असेल तर त्यांची एनओसी मागतात.

किती दिवस लागतात?

माझं पहिलं साडेसात महिन्यांनी आलं. दुसरं त्याच्या आधी आलं, का ते विचारू नका.

कामाची प्रत घालून रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाकीट पाठवलं आणि फोडलं नाही तर पुरावा म्हणून चालतं ना?

हे आमच्या सरांनी पण सांगितलं होतं कॉलेजात. पोस्टाचा शिक्का तारीख दाखवतो, बाकी काही नाही. आत काय होतं, पाकीट मागाहून भरलं का, यावर वकील तासभर खेळवू शकतो. कलम ४८ सारखं कुठलंही कायदेशीर वजन त्याला नाही. आणि आता तर २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांनी निदान नाव तरी बदलावं.

त्यापेक्षा फुकटातला चांगला उपाय सांगते: कामावर नाव लिहा. कलम ५५ मध्ये आहे, प्रकाशित प्रतीवर लेखक म्हणून ज्याचं नाव दिसतं तोच लेखक असं धरून चालतात. कोपऱ्यात नाही, चित्राच्या आत सही करा, जिथून कापली तर चित्रच बिघडेल अशी. माझी सही आता विठ्ठलाच्या विटेवर असते. आणि कच्ची स्केचेस, लेयरवाल्या फाइली, गाण्याचे मोबाइलवर गुणगुणलेले तुकडे, काही म्हणजे काही डिलीट करू नका.

पटकथा लेखकांच्या असोसिएशनमध्ये नोंदवली आहे, मग पुन्हा इथे करायची?

मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन जी नोंदणी करते ती तारखेच्या पुराव्यासाठी चांगलीच आहे आणि वाद झाला तर त्यांची वाद सोडवायची कमिटी पण आहे. पण ती कॉपीराइट रजिस्टरमधली नोंद नव्हे. निर्मात्याला ऐकवायच्या आधी ती करा, झटकन होते, आणि पटकथा पक्की झाली की ही पण करा.

माझी आयडिया चोरली. केस होईल का?

आयडियावर कॉपीराइट नसतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या केसमध्ये सांगून ठेवलंय, विषय, कल्पना, ऐतिहासिक प्रसंग यावर कुणाची मक्तेदारी नाही, मांडणी उचलली तर चोरी. म्हणजे पावसात भिजणारे वारकरी कुणीही काढू शकतं, पण माझ्यासारखीच म्हातारी, त्याच कोनात, तीच तुळस डोक्यावर, तसाच मागे घाट, हे सगळं जुळलं तर मी भांडेन. स्टाइलवर पण हक्क सांगता येत नाही, दुःख आहे पण खरं आहे. शीर्षकावर पण नाही, २०१५ मध्ये देसी बॉइज सिनेमाच्या नावाची भानगड सुप्रीम कोर्टात गेली होती तेव्हा कोर्टाने तेच सांगितलं.

क्लायंटने पैसे देऊन चित्र काढून घेतलं. मालक कोण, तो की मी?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला पाहिजे. पायरसीने जेवढं नुकसान होत नाही तेवढं आपल्याच सहीने होतं.

कलम १७ बघा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, उलटं काही ठरलं नसेल तर. हे माहीत असतं सगळ्यांना. पण त्याच कलमात आहे की फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट हे कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलं, आणि वेगळा करार नाही, तर पहिला मालक पैसे देणारा! फ्रीलान्स असलात तरी. लग्नाचे फोटो काढणारे, ऑर्डरची पोर्ट्रेट करणारे, सगळे यात आले. तुम्ही लेखक असता, पण मालक नाही. म्हणून कोटेशन पाठवतानाच दोन ओळी लिहायच्या की कॉपीराइट माझ्याकडे राहील आणि तुम्हाला अमुक कामासाठी अमुक वर्षं वापरायची परवानगी आहे, आणि समोरून "ओके" नाही, सही घ्यायची. मी पहिली सहा-सात वर्षं असं काही लिहिलं नाही, आणि त्यातली काही चित्रं आज दिवाळीच्या कार्डावर दिसतात, मला एक रुपया नाही, आणि मी तक्रार पण करू शकत नाही.

गाणं, कविता, लेख यांचं वेगळं आहे, तिथे फ्रीलान्सर असाल तर हक्क तुमच्याकडेच राहतो जोवर तुम्ही लेखी सही करून देत नाही. तोंडी दिलं म्हटलं तर कायद्यात ते दिलंच नाही, असाइनमेंट, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावावर करून देणं, लेखीच पाहिजे. आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच म्युझिक कंपन्यांच्या कागदात "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी" असं लिहिलेलं असतं, विश्वात, म्हणजे मंगळावर वाजलं तरी त्यांचं. ते खोडून घ्यायचा प्रयत्न करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एक बरं झालंय, सिनेमातल्या किंवा रेकॉर्डिंगमधल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करून सोडून देता येत नाही, थिएटरमध्ये सिनेमासोबत दाखवणं सोडून बाकी वापरांसाठी.

टी-शर्टवर छापून विकते मी, त्यासाठी पण हेच?

थांबा. ज्या गोष्टीची डिझाइन कायद्याखाली नोंद होऊ शकली असती, ती तुम्ही केली नाहीत, आणि कारखानदारी पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो, कॉपीराइट कायद्याचं कलम १५. भिंतीवर लावायचं चित्र आणि कापडावरची नक्षी यातली रेघ कुठे ओढायची यावर कोर्टात भरपूर वाद झालेत. गणपतीच्या मूर्ती करणारे, ज्यांच्या मास्टर मूर्तीवरून कुणीतरी रबरी साचा उचलतो, त्यांनाही हा प्रश्न आहे. माल मोठा काढणार असाल तर साचा बनवायच्या आधी डिझाइन रजिस्ट्रेशनची चौकशी करा, बाजारात आल्यावर नाही, ते नवीन असतानाच करावं लागतं.

वारली चित्र काढते, अभंगाला चाल लावली, यात माझं काय?

तुमचं जे तुम्ही घातलंत ते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, तुमची चाल तुमची. वारलीचं नाव आणि पद्धत म्हणाल तर तिला भौगोलिक मानांकन आहे, पण तुम्ही स्वतः रचलेलं चित्र हे तुमचं स्वतंत्र काम आहे. लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन कुणालाही छापायला मोकळं झालं. रेकॉर्डिंगचे ६० मात्र प्रकाशनापासून मोजतात, म्हणून जुनं गाणं मोकळं असलं तरी कालची रेकॉर्डिंग मोकळी नसते.

चोरी सापडली. पहिलं काय करू?

कमेंटमध्ये भांडू नका!! पोस्ट डिलीट होईल आणि पुरावा गेला. आधी लिंकसकट, तारखेसकट स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग, फ्लेक्स असेल तर आजूबाजूचं दुकान दिसेल असा फोटो आणि खाली छापणाऱ्याचं नाव असतं बारीक ते. विकत असतील तर एक नग विकत घ्या, बिल ठेवा. कोर्टात हे देताना आता नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं (जुनं ६५ ब), म्हणून मूळ मोबाइल फॉरमॅट मारू नका.

मग प्लॅटफॉर्मला तक्रार. इन्स्टाग्राम, फेसबुक, युट्यूब सगळ्यांचे कॉपीराइटचे फॉर्म आहेत, फुकट आहेत, आणि रजिस्ट्रेशन नसलं तरी चालतं. साधं "रिपोर्ट" दाबून काही होत नाही, तो फॉर्मच भरायचा. आपल्या कायद्यातही आहे, २०१३ च्या नियमांमध्ये नियम ७५, लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत ती गोष्ट बंद करायची आणि २१ दिवस बंद ठेवायची, तोवर तुम्ही कोर्टाचा आदेश आणायचा, नाही आणला तर ते परत चालू करू शकतात. एक मात्र बघा, खोटी किंवा उगाच धमकी देत सुटू नका, समोरचा कलम ६० खाली उलट दावा लावू शकतो.

माझ्या पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते आहे, तिथे कुणाचं नावच नाही.

सगळ्यात जास्त रडगाणं याचंच. दिवाळी अंक सुद्धा पाडव्याच्या आधी ग्रुपवर येतो. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टात एका कोचिंगच्या शिक्षिकेने केस केली होती, तिचे लेक्चर आणि नोट्स चॅनलवर विकत होते, कोर्टाने टेलिग्रामला सांगितलं की चॅनल चालवणाऱ्यांचे नंबर, आयपी ॲड्रेस काढून द्या, सर्व्हर परदेशात आहे ही सबब चालणार नाही. म्हणजे दार उघडलंय, पण त्या दारापर्यंत वकिलाचा खर्च आहेच. साध्या माणसाने चॅनलची तक्रार टेलिग्रामच्या कॉपीराइटच्या मेलवर करत राहायची, नवीन निघतं, परत करायची. ढेकणासारखं आहे ते.

पोलीस म्हणतात हे दिवाणी आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) घ्या.

म्हणतातच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये निट प्रो केसमध्ये सांगितलं, म्हणजे एफआयआर घ्यायला पाहिजे. त्या निकालाची प्रिंट घेऊन जा, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट घेऊन जा. तिथे सर्टिफिकेट नसेल तर "हे तुमचंच कशावरून" इथेच गाडी अडकते, मग कायदा काहीही म्हणो.

तरी मी गल्लीतल्या पोरांवर गुन्हा घालायच्या विरुद्ध आहे. मंडळाच्या पोरांनी चित्र लावलं तर फोन करा. माल छापून विकणारा असेल तर सोडू नका.

कोर्टात जायचं तर चोराच्या गावी जावं लागेल?

नाही. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावता येतो. वादाची रक्कम ३ लाखांच्या वर असेल तर कमर्शियल कोर्ट. चोरी झाल्यापासून ३ वर्षांच्या आत.

"क्रेडिट दिलं होतं की!"

क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. तुमच्या झाडाचे आंबे नेले आणि पेटीवर तुमचं नाव लिहिलं, तसं झालं. उलट परवानगी दिली तरी नाव लावून घ्यायचा हक्क तुमच्याकडे राहतोच, कलम ५७. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोडाऊनमध्ये टाकलं, मोडतोड केली, तर २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर ५ लाख भरपाई. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं तरी.

अमेरिकेतल्या साइटवर माझं डिझाइन विकतायत, इथलं सर्टिफिकेट चालेल?

बर्न कराराला (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) भारत १९२८ पासून बांधील आहे, त्यामुळे तुमचा हक्क तिकडेही आहे, आणि भारतात पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या कामाला तिकडे दावा लावायला तिथलं रजिस्ट्रेशन लागत नाही. पण तिकडे नुकसान सिद्ध न करता ठरावीक भरपाई मिळते, एका कामाला ७५० ते ३० हजार डॉलर, मुद्दाम केलं असेल तर दीड लाखापर्यंत, ती हवी असेल तर चोरी व्हायच्या आधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत तिथे रजिस्टर केलेलं पाहिजे. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर करूनच टाकावं. नुसतं काढून टाकायला लावायचं असेल तर डीएमसीएची, म्हणजे तिकडच्या कॉपीराइट कायद्याखाली साइटला पाठवायची नोटीस पुरते.

माझं काम दुसऱ्यानेच स्वतःच्या नावावर रजिस्टर केलं तर?

घाबरू नका, नोंद खोटी ठरवता येते, त्यासाठी हायकोर्टात अर्ज करावा लागतो (आधी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं). खोटी नोंद करणं हा कलम ६७ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. हे त्या मित्रांसाठी पण, जे एआयने काढलेलं चित्र स्वतः हाताने काढलं म्हणून अर्जात लिहायचं का असं विचारतात. नका लिहू.

ताई माझ्याकडे ४०० चित्रं आहेत, सगळी करू का?

दोन लाख रुपये होतात! नको. मी आजवर सहा केली आहेत. ज्याच्या प्रिंट विकल्या जातात, जी एकदा तरी चोरीला गेली आहेत, आणि जी मोठ्या क्लायंटला द्यायच्या आधी माझ्या नावावर असणं गरजेचं होतं, एवढीच. कवितावाल्यांचं सोपं आहे, अख्खा संग्रह एकच साहित्यकृती म्हणून ५०० रुपयांत जातो, शंभर कविता का असेनात. चित्रवाल्यांना तशी सवलत नाही. नवीन काही करणार असाल तर प्रकाशित करायच्या आधी अर्ज टाकून ठेवा, अप्रकाशित म्हणून, म्हणजे डायरी नंबरची तारीख इन्स्टावरच्या पोस्टच्या आधीची असते. मी पुढच्या वारीचं चित्र फेब्रुवारीतच टाकणार आहे, बघू आषाढीपर्यंत येतंय का.